चौकोन आणि गोल

जर्सीवर नाव छापताना एक अक्षर चुकलं
तर पोरं दुकान डोक्यावर घेतात.
मी ते खरवडून काढते, नवं चिकटवते, वर गरम प्रेस.
पाच मिनिटांचं काम.
मंगळवार पेठेत, हंगामात, दिवसाला दोनदा.

सुयोगच्या जर्सीवर काही चुकलं नव्हतं.
नंबर सतरा.
सराव संपत आलेला, चेंडू त्याच्याकडं यायचा होता,
आला,
तोवर तो खाली होता.
कुणी म्हणालं ऊन. कुणी म्हणालं, उपाशी पळत होता.
आई म्हणाली, दृष्ट.

सीपीआरमध्ये त्याचं हृदय तोललं.
सव्वापाचशे ग्रॅम. एकोणीस वर्षांच्या पोराचं.
आकडा मी पुन्हा विचारला.

डॉक्टर हुक्केरी टेबलावरचा रबरबँड ताणून दाखवत होत्या:
स्नायूत मायोसिन असतं, त्याला डोकी असतात,
ती दोर धरतात, ओढतात, सोडतात.
तुमच्याकडची सोडायला उशीर करतात.
हजारो अक्षरांच्या सूचनेत एक अक्षर वेगळं.
भिंत जाड होत जाते, आत रक्ताला जागा उरत नाही,
आणि एखाद्या दिवशी ठोक्यांचा ताल बिघडतो.
म्हणजे कमजोर? बाबांनी विचारलं.
नाही हो, उलट. गरजेपेक्षा जास्त जोर.
बाबा माझ्याकडं बघत राहिले.
ह्या गावात जास्त जोराला आजार कोण म्हणणार?

मग त्यांनी कोरा कागद पुढं ओढला.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई,
गेलेल्यावर तिरकी रेघ. सांगा.
आजोबा, चव्वेचाळीस, गुऱ्हाळावर काहील उतरवताना.
आम्हाला माहीत होतं, मुंज्यानं धरलं.
थोरले काका, सव्वीस, कळंब्याच्या विहिरीत.
पट्टीचे पोहणारे. लग्नाला सत्तर दिवस.
डॉक्टरांनी दोन्ही चौकोन काळे केले,
पुढं एक बारीक प्रश्नचिन्ह.
बाबांचाही काळा. तेच अक्षर, भिंत अठरा मिलिमीटर,
एकसष्टाव्या वर्षी सायकलवरून दूध घालतात.
मग मी कसा राहिलो?
ते आम्हालाही नीट माहीत नाही, त्या म्हणाल्या.
परतताना बाबा सायकल हातात धरून चालत आले.

काकांच्या चौकोनातून एक आडवी रेघ निघते,
तिच्या टोकाला गोल. हौसाक्का.
पांढऱ्या पायाची म्हणून घरानं
चाळीस दिवसांत सांगरूळला पोचवली,
ती एक्केचाळीस वर्षं तिथंच.
तिचा गोल पांढरा.
पांढरा म्हणजे काही नाही,
पांढरा म्हणजे ह्यात तिचं काही नाही.

रविवारी एसटीनं गेले.
ती शेंगा फोडत होती.
मी वाचलं, समजावलं, रबरबँड नव्हता म्हणून
माझी वेणी ओढून दाखवली.
ती फोडत राहिली.
मग म्हणाली, एवढंसं? येक अक्षार?
मला काढाय तर आख्खी भावकी लागली हुती.

तुझ्यात?
आहे. भिंत अकरा. अजून जाड नाही.
आणि पोरगीच्यात?
कस्तुरीचं रक्त गेलंय तपासायला, नऊ वर्षांची आहे.
प्रत्येक मुलामागं एकदाच टॉस होतो, आक्का,
मॅचच्या आधी पंच उडवतो तसं नाणं.
सुयोगच्या वेळी पडलं, माझ्याही वेळी पडलं,
म्हणून तिच्या वेळी पडेल किंवा नाही पडेल
असं काही नसतं. नाण्याला मागचं आठवत नाही.

तिनं दाणे पाखडले, माझ्या पदरात ओतले.
पोरीला दे. लई पळू देऊ नको,
पर बांधून बी ठिऊ नको.

कागद मागितला. उलटा धरला, मग सुलटा.
ह्यात मी कुठं?
मी बोट ठेवलं. मग तिनं ठेवलं,
आणि त्या गोलाच्या कडेनं
दोनदा, तीनदा, सावकाश फिरवलं.
ह्यो कागूद हितंच ऱ्हाऊ दे, म्हणाली.
भावकीतलं कोण आलं तर दाखवाय पायजे.